खांदा माझा, आवाज समोरच्याचा

मान जरा डावीकडे... हां, बस. आणि नाही, मोडून देणार नाही! मघाशीच सांगितलं ना? या दुकानात दाढी होईल, कटिंग होईल, डोक्याला तेल होईल, पण मान मोडणं बंद म्हणजे बंद. बाकावरचे तुम्ही दोघंही ऐकून घ्या, म्हणजे परत नव्यानं सांगायला नको. तीस वर्षं या हातांनी माना मोडल्या मी, हनुवटी धरायची, काहीतरी गप्पा काढायच्या आणि गिऱ्हाईक बेसावध असताना कडक्! की लगेच डोळे मिटून, 'वा मास्तर!' त्या 'वा'वर दुकान चाललं माझं. आणि आज मी नाही म्हणतोय, तर काही कारण असेल की नाही?

कारण हा उजवा खांदा. चार महिन्यांपूर्वी असा धरला, की हात छातीच्या वर जाईना. तुम्हाला सांगतो, दुनियेचे भांग पाडणारा मी, आणि माझा भांग आमची ही पाडून द्यायची! तोही चुकीच्या बाजूला. वस्तरा उचलला की हात अर्ध्यातच अडकायचा आणि खुर्चीतला माणूस देवाचं नाव घ्यायचा. एक खुर्चीचं दुकान, न्हाव्याचा हात गेला तर राहिलं काय? मेव्हणा तर टेप घेऊनच आला. या आरशाची लांबी मोजतोय! "दाजी, मोबाईलच्या कव्हरांना भिंत अगदी मापाची आहे." मी जिवंत, खुर्ची जिवंत, आणि हा भिंत मोजतोय. खरं सांगतो, भीती वाटली. दुसरं काही येत नाही हो मला.

आमच्या डॉक्टरांनी फोटो काढला, तपासलं, म्हणाले, "मोडलंबिडलं काही नाही, ऑस्टिओपॅथ बाईंकडे जाऊन या, नुसत्या हातानं सांधे-स्नायू मोकळे करतात त्या." झालं! जो तो शहाणा. मेव्हणा म्हणे, "हाडं बसवणारी ती. पाठीत गुडघा देते." इस्त्रीवाला म्हणे, "एकदा गेलात की जन्मभर जावं लागतं, हाडाला सवय लागते." आमची ही म्हणे, "शिकलेली तरी आहे का, की आपलं हातगुण?" आणि मी? मी मनात खूश! म्हटलं, आपल्याच धंद्यातली बाई, फक्त मानेऐवजी अख्खा माणूस वाजवत असणार. काय आवाज येईल!

गेलो. तर बाई एवढीशी. माझ्या या खांद्याला लागेल एवढी. पाठीमागे भिंतीवर पाच वर्षं शिकल्याचं सर्टिफिकेट, आणि समोर प्रश्न... अहो, मुलगी द्यायची असती तरी एवढे विचारले नसते! ताप येतो का, वजन उतरलंय का, दुखण्यानं झोपमोड होते का, पूर्वी पडलात का, काम काय, कसं उभे राहता. मी म्हटलं, "बाई, दुखतंय इथे." त्या म्हणतात, "इथे दुखतंय ते कळलं, का दुखतंय ते बघू या." मग हात लावला. खांद्याला? छे! पाठीला, बरगड्यांना, मग मानेच्या मुळाशी, इतका हळू की मला वाटलं सुरुवात व्हायची आहे. आणि बाई म्हणतात, "उठा, आजचं झालं." झालं? आवाज कुठाय? आवाज नाही!

मी म्हटलं, "बाई, हाड तर बसलंच नाही." त्या हसल्या. "ते उठलंच नव्हतं. हाडं अशी सुटून फिरत नाहीत. आणि तो कडक् आवाज येतो सांध्यातल्या हवेचा. कधी येतो, कधी येत नाही, त्यावरून गुण ठरत नाही." तीस वर्षं, तुम्हाला सांगतो, तीस वर्षं मी गिऱ्हाइकांना हवा विकली! हे तोंडातून निघून गेलं, तर वर म्हणतात, "आणि तुम्ही मोडता तशा माना मोडू नका. समोरच्याला काय आजार आहे हे तुम्हाला ठाऊक नसतं." त्या दिवसापासून मोडणं बंद.

दुसऱ्या खेपेला म्हणाल्या, "दाढी करून दाखवा." बाहेर टेबलाशी त्यांचे यजमान बसतात, वेळा लिहून घेतात, त्यांना स्टुलावर बसवलं. बाईंनी बघितलं. "तुमचं कोपर एवढं वर का जातं? दुकानातली खुर्ची उंच आहे का?" आणि माझ्या डोक्यात लख्ख! अहो, या खुर्चीचा पेडल नऊ वर्षं अडकलेला! वरच्या वर अडकलेली खुर्ची, गिऱ्हाइकांचे पाय लोंबायचे आणि माझं कोपर दिवसभर कावळ्याच्या पंखासारखं. डॉक्टरांना नाही दिसलं, मला नाही दिसलं, त्या बाईला खुर्ची न बघता दिसली! लोहाराला बोलावलं, खुर्ची खाली आली. खाली येताना ती मात्र वाजली. बाईंच्या हाताखाली? आवाज नाही!

पाच खेपा. मधे घरी करायचे व्यायाम, तेही भिंतीवर बोटं चढवायचे, पोरखेळ. आणि एका सकाळी वरच्या फळीवरची तेलाची बाटली मी काढली. स्टूल न घेता. कळलंच नाही मला, आमची ही दारात उभी राहून बघत होती. आत येऊन तिनं कंगवा माझ्या हातात दिला. आणि बाई वर काय म्हणाल्या माहितीये? "आता यायचं कारण नाही." म्हणे जन्मभर जावं लागतं! मेव्हण्याचा टेप तेव्हापासून इथेच पडलाय, न्यायला येत नाही.

तर असा मी बाईंचा भक्त. येईल त्याला सांगतो. आणि गेल्या आठवड्यात दारात कोण? बाईंचे यजमान! म्हटलं, भाग्य आपलं. मन लावून कटिंग केली, टॉवेल झटकला, तर ते इकडे तिकडे बघून हळूच म्हणतात, "मास्तर, तेवढी मान मोडून द्या ना. घरी हौस भागत नाही."

मी समजावलं. हवेचं सांगितलं, सांध्यांचं सांगितलं, त्यांच्याच बायकोचं ज्ञान त्यांनाच पाजलं. ते 'बरोबर आहे, बरोबर आहे' म्हणत उठले, रस्ता ओलांडला आणि समोरच्या सलूनमध्ये शिरले. मी वस्तरा पुसत उभा... आणि इथपर्यंत ऐकू आलं.

आवाज आला.