शेवटचा डबा

हॅलो? … हो मावशी, मीच फोन केला होता सकाळी. तू पूजेत असशील म्हणून ठेवून दिला… नाही नाही, घरी सगळे ठीक आहेत. शाळेतूनच बोलतेय. मुलं डबा खातायत, मदतनीस धनलक्ष्मी अक्का आहेत वर्गात, म्हणून बाहेर पॅसेजमध्ये आले.

मला एक सांग. तू लोंढ्याला इतकी वर्षं बालवाडी चालवलीस… हो, तेच विचारतेय. एवढ्या एवढ्या मुलांना रांगेत कसं उभं करायचीस?

हसू नकोस गं.

सगळं करून पाहिलं. मुंग्यांची रांग केली. प्रत्येकाच्या तोंडात साखरेचा दाणा आहे, बोललं की पडेल, असं सांगितलं… चांगली आहे ना? पहिल्या दिवशी सगळे चिडीचूप. दुसऱ्या दिवशी म्हणे, खरी साखर द्या. … हो, हत्तीही झाले. पुढच्याची शेपूट धरायची म्हणून शर्ट ओढले, बटणं तुटली, आयांचे मेसेज आले. फरशीवर खडूने रंगीत पावलं काढली, तर प्रत्येकाला निळंच पाऊल हवं.

आता आगगाडी चालू आहे. ती आवडलीय त्यांना. ऋतुराज इंजिन. शिट्टी अशी मारतो की शेजारच्या अपार्टमेंटमधले वॉचमन अण्णा डोकावून बघतात… हो, हो, ऐक ना. खरी गोष्ट पुढेच आहे.

एक मुलगा आहे, श्रीवत्स. चार वर्षांचा. कन्नड बोलतो, आणि तेही स्वल्पच. तो रोज आपणहून शेवटी जाऊन उभा राहतो. पुढे आणला की रडतो. आणि गाडी सुटली की जागचा हलत नाही… नाही, रुसून नाही. ताठ उभा. आम्ही नळापाशी पोचतो आणि हा आपला वर्गाच्या दारात.

शाळेच्या आत ठीक आहे गं. पण गेल्या आठवड्यात आम्ही कोपऱ्यावरच्या पार्कात निघालो आणि हा फुटपाथवरच मागे राहिला. येलहंक्याचा रस्ता तो, पाण्याचे टँकर, एअरपोर्टच्या कॅब… अक्का धावत मागे गेल्या म्हणून बरं. … एकटा नाही, तो आणि वर्गातलीच कस्तुरी. तिच्या सँडलचा पट्टा निघाला होता, ती खालीच बसली होती. तिचं ते रोजचंच आहे.

तर आमच्या मुख्याध्यापिका, प्रियदर्शनी मॅडमनी ठरवून टाकलंय. आज शाळा सुटताना त्याच्या आईला सांगणार, ह्याला दुसरी शाळा बघा. सांगितलेलं समजत नाही त्याला, म्हणाल्या. … अगं आजच. ती येईलच आता. आणि मला नाही पटत मावशी. तो उभा असतो ना, तेव्हा त्याला काहीतरी पक्कं माहीत असतं आणि ते मलाच कळत नाहीये, असं वाटतं. रोज घरी जाऊन विचार करते.

त्याच्या हातात? … हातात काय असणार. डब्याचा नॅपकिन. तोही रोजचाच वाद. हा तो हातात धरून उभा राहतो आणि मी काढून त्याच्या खिशात कोंबते.

हिरवा. … का गं?

वडील? एअर फोर्समध्ये असावेत. एकदा सोडायला आले होते, पांढराशुभ्र युनिफॉर्म घालून… नाही, विचारलं नाही. येलहंक्यात एअर फोर्सचा तळ आहे ना, युनिफॉर्म दिसला की आम्ही सगळे एअर फोर्सच धरून चालतो. … निळा असतो, हो. खरंच की.

थांब, विचारते. … अक्का, श्रीवत्सचे अप्पा काय काम करतात? … सरी, सरी, कळलं.

मावशी. ते रेल्वेत आहेत. मालगाडीवर गार्ड.

… तुला कसं… हो, तुझ्या अंगणासमोरूनच जातात ना सगळ्या गाड्या. … थांब, हळू सांग. गार्ड शेवटच्या डब्यात. त्याने हिरवं निशाण दाखवल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही. … अगं बाई. आणि आमचं इंजिन मागे वळून बघतच नाही. आणि निशाण तर मीच रोज काढून घेते.

नको, ठेवू नकोस. डबे भरून झालेत, गेटपर्यंत गाडी न्यायचीच आहे. तू फोनवरच राहा.

… हं, आहेस ना? अक्कांनी सांगितलं सगळ्यांना. आधी शिट्टी नाही. आधी मागे बघायचं, श्रीवत्स हिरवा दाखवेल, मगच गाडी सुटणार. नॅपकिन त्याच्या हातात दिला. कसं बघितलं गं त्याने माझ्याकडे.

सगळे माना वळवून बघतायत. एकजणही हलत नाहीये मावशी. ऋतुराजसुद्धा.

आई आली त्याची. ऑफिसच्या दारात उभी आहे. मॅडमही बाहेर आल्या.

… नाही. दाखवत नाहीये. हात खालीच. … अगं, अक्कांनी दोनदा सांगितलं. मॅडम मान हलवतायत. श्रीवत्स, चल ना राजा… तो रांगेकडे बघतच नाहीये. वर्गात बघतोय, मागे.

थांब. थांब जरा.

कस्तुरी आत आहे. टेबलाखाली बसून सँडल घालतेय.

… हो. हो गं. त्या दिवशी फुटपाथवरही तो तिच्यासाठीच थांबला होता. आणि मी इंजिनाबरोबर पुढे. मी मागे बघितलंच नाही, मावशी. म्हणे त्याला समजत नाही.

मी रडत नाहीये, बोल तू. … आली ती. एक पायात, एक हातात, अशी आली. त्याच्या पुढे उभी राहिली.

हो मॅडम, एक मिनिट. नाही, आत्ता नाही येता येणार. गाडी सुटायचीय. तुम्ही आणि त्याची आई तिथूनच बघा.

मावशी, ठेवते. हिरवा मिळाला.