रिकाम्या बाटल्या

तुमचं ते संशोधन-बिंशोधन चाललंय ना, त्यावरून आठवलं. शहाण्णव साल असेल. मी साताऱ्यात लॅब टेक्निशियन होतो. आमच्या डॉक्टर मॅडम रक्ताच्या एका आजारावर संशोधन करत होत्या, म्हणून पाटणच्या डोंगरात एका धनगरवाड्यावर जीप घेऊन गेलो. आदल्या वर्षी तिथल्या सगळ्यांनी मुकाट्यानं रक्त दिलं होतं. या वेळी कुणी बाहीच वर करेना.

मॅडम म्हणाल्या, "अहो, तुमच्याच भल्यासाठी आहे हे!"

धोंडाबाई नावाची म्हातारी पुढं आली. "गेल्या खेपंच्या रगताचं काय झालं?"

"मोठ्या डॉक्टरांच्या सभेत सांगितलं."

"म्हंजी त्यास्नी कळलं, आमास्नी न्हाई. आवं बाई, शेजारणीनं भांडं भरून दिलं तर ते रिकामं परत देत्यात व्हय? चिमूटभर साखर तरी घालत्यात. तुमी रिकाम्या बाटल्याच घिऊन आलासा."

मला लय राग आला. एवढा घाट चढून आलो ते काय शेजारधर्म शिकायला? पण मॅडमनी गुमान जीप वळवायला लावली.

आठवड्यानं गेल्या वर्षीच्या रक्ताचे रिपोर्ट घेऊन पुन्हा वर गेलो. सगळी माणसं अंगणात जमली. मॅडमनी पहिलं नाव पुकारलं, "सखूबाई, तुमच्या रक्तात..."

"थांबा," धोंडाबाईनं हात वर केला. "भरलं भांडं पदराखाली झाकून देत्यात. तिच्या घरात जाऊन सांगा."