पहिल्या रकान्यातला विषय

माझं पदवीचं प्रमाणपत्र आणायचं सात वर्षं राहूनच गेलं होतं. लेकीला खांद्यावर निजवून विद्यापीठाच्या खिडकीसमोर उभी होते. पुढे प्रवेशाचा अर्ज घेतलेली एक मुलगी आणि तिचे बाबा.

“इतिहास शिकून काय होतं, माहितेय ना? माझ्याकडे बघ.”

“तुम्ही विमा कंपनीत आहात, बाबा.”

“तेच सांगतोय. पहिल्या रकान्यात अर्थशास्त्र लिही.”

“मग दाव्यांच्या फायलींवर पेन्सिलीने काय लिहीत बसता? ‘हे यांनी स्वतः पाहिलं की नुसतं ऐकलं?’ ‘ही तारीख कुणी सांगितली?’”

“जुनी सवय. साहेब वैतागतात त्यावर.”

“आणि जेवताना आईला सगळं रंगवून सांगता. गोदामाला आग लागली तेव्हा रखवालदार कुठे होता, शेजारी काय म्हणाला. तेवढा वेळ किती छान दिसता तुम्ही.”

“छान दिसण्यावर बढती मिळत नाही, बाळा.”

“पुढे या. अहो, विषयाचा रकाना कोराच आहे,” खिडकीतल्या बाई म्हणाल्या.

मुलीने बाबांकडे पाहिलं, बाबांनी अर्जाकडे.

“मागे रांग आहे हो.”

“इतिहास लिहा. हिला इतिहास.”

“बाबा…”

“आणि बाई, आम्ही इथे शिकायचो तेव्हा दुसऱ्या वर्षाला जुनी कागदपत्रं वाचायला शिकवायचे, वरच्या मजल्यावर. अजून शिकवतात?”

“शिकवतात की.”

“बाहेरच्या माणसाला मागच्या बाकावर बसू देतात का?”

“मुलीबरोबर बसायचंय तुम्हाला?”

“छे, तिला लाज वाटेल. ती दुसऱ्या वर्षाला येईपर्यंतच बसेन.”