खिडकीतली हिमनदी

दातांच्या दवाखान्यात गालाला रुमाल लावून बसलेल्या शिंपीणबाईंना बोलवत नव्हतं, म्हणून त्या नुसत्या ऐकत होत्या. शेजारी एक वहिनी आणि त्यांचे धाकटे दीर बसले होते.

"भावजी, यांनी बांधलेली खोकी पुन्हा सोडली."

"का? लॉज विकायचं पक्कं झालं होतं ना? खिडकीतून हिमनदी दिसेनाशी झाली, तेव्हापासून पाहुणा फिरकत नाही."

"बर्फ मागे हटला तिथे यांना झाडाचं खोड सापडलं. संशोधक म्हणाले, हजारो वर्षांपूर्वीचं आहे. तेव्हाही ऊब होती, तिथे रान होतं, आणि बर्फ नंतर आला."

"बरोबर आहे."

"मग हे म्हणतात, तेव्हा आला तसा आताही येईल. म्हणजे मीही खोकी सोडू?"

"छे, तेव्हाची ऊब वेगळी होती. आताची माणसानं आणलेली, आणि अजून वाढतेच आहे."

"म्हणजे बर्फ येणार नाही."

"कधीच नाही, असंही म्हणवत नाही. पण आपल्या हयातीत नाही."

"मग बांधू?"

"बांधा."

शिंपीणबाईंनी रुमाल दुसऱ्या गालाला लावला. दुखत होता पहिलाच.

"हे सगळं तुमच्या दादांना सांगा की," वहिनी म्हणाल्या.

"काल तेच सांगायला आलो होतो. दादा बाहेरून खिडकीची काच पुसत होता."

"शिडीवर चढून? त्या गुडघ्यानं? आणि तुम्ही काय केलंत?"

"मी शिडी धरली, वहिनी."