गार टॉवेल

आयर्लंडमध्ये गॉलवेच्या बसमध्ये माझ्या पुढे दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या.

"नवा बॉयलर बिनकामाचा निघाला, नोरीन. गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात उबेला ठेवलेले टॉवेल गारच!"

"माझ्याकडे तोच आहे, डेलिया. बॉयलरचं कढत पाणी टाकीतल्या नळीतून फिरतं, टाकीतलं पाणी तापवतं आणि परत जातं. नळ सोडून पाहिलास?"

"नळ कशाला? टॉवेल गार म्हणजे पाणी गार. आमची आईसुद्धा टॉवेललाच हात लावून बघायची."

"अगं, बॉयलरबरोबर बसवलेल्या नव्या टाकीला जाड अस्तर असतं. ऊब बाहेर येतच नाही. पाणी चटका बसेल इतकं गरम असेल!"

"म्हणजे कढत पाण्याने अंघोळ करायची आणि गारठलेल्या टॉवेलने अंग पुसायचं?"

"हो. सवय होते."

"तुला झाली?"

"...तुझी जुनी टाकी भंगारात गेली का गं?"