डिंक्याचा मागचा उजवा

नाही, पण जखम केवढी होती ते तरी विचारा ना! तिळाएवढी! तिळाएवढी जखम हो, आणि तिच्यापायी माझा एक गाऊन, दोन चादरी, बीटाडीनची अख्खी बाटली आणि ह्यांच्या ऑफिसच्या मोज्यांची जोडी... सगळं कामी आलं, वर हा बघा माझा अंगठा, अजून वाकत नाही! आणि ज्याच्यासाठी हे सगळं झालं तो? तो घरी दिवाणावर उताणा पडलाय, चारही पाय वर करून, घोरतोय!

तुम्हाला सांगते, शनिवारची सकाळ. फरशी नुकती पुसून झालेली, कोपऱ्यात अजून ओल होती, आणि हे डिंक्याला फिरवून घेऊन आले. डिंक्या म्हणजे आमचा कुत्रा. नाव मीच ठेवलं, पिल्लू असताना पायाला जो चिकटायचा तो सोडवूनही सुटायचा नाही. तर मी स्वयंपाकघरातून बाहेर येते आणि बघते तर काय... उंबऱ्यापासून देवघरापर्यंत लाल पावलं! ओळीनं! घरात गौरी आल्यासारखी! मी जी किंचाळले ना, ती वरच्या मजल्यावरच्या श्रीवास्तव भाभींना ऐकू गेली, कुकर बंद करून त्या जिन्यात आल्या, आणि डिंक्या? डिंक्या माझ्या ओरडण्यानं असा घाबरला की सरळ दिवाणाखाली! भिंतीच्या कोपऱ्यात! नाक ट्रंकेमागं घालून बसला.

आणि हे? हे चपला काढतायत! एक... मग दुसरी... नीट जोडून ठेवतायत! म्हणाले, "टपरीपाशी लोक मातीच्या कुल्हडातनं चहा पितात आणि तिथंच आपटतात. तुकडा लागला असेल. किरकोळ आहे."

किरकोळ! मला मेलीला दरदरून घाम फुटला. का, ते सांगते.

त्याच दिवशी साडेतीनच्या विमानानं आमची सुरुची यायची होती. सुरुची म्हणजे लेक, हैदराबादला नोकरीला. हा डिंक्या आणलेला तिनंच, तीन वर्षांपूर्वी, कॉलनीच्या पाण्याच्या टाकीखालून. आणला आणि महिन्याभरात गेली की हैदराबादला! पिल्लू आमच्या गळ्यात. हे तेव्हा म्हणाले होते, "एक तर तो राहील, नाहीतर मी." दोघंही राहिले, ते जाऊ दे. तर आता ही म्हणायला लागलेली... आणि म्हणते ती हिंदीतच हं, लखनौत वाढलेली पोरगी, मराठी सगळं कळतं पण तोंडातनं एक अक्षर नाही... "मम्मी, पापा के घुटने, आपकी कमर, आप लोगों से अब नहीं होगा यार. मैं आ रही हूँ, देखती हूँ. नहीं सँभल रहा होगा तो ले जाऊँगी."

ले जाऊँगी! म्हणजे तपासणीच की! आणि तपासणीच्या दिवशीच ह्यानं रक्ताची पावलं काढावीत?

आता तुम्ही म्हणाल, नेला तर नेला, सुटलात. अहो, कसल्या सुटलात! हे साडेआठला ऑफिसात जातात ते सहाला येतात. दिवसभर मी कोणाशी बोलू? सब्जीवाल्याशी हिंदी, दूधवाल्याशी हिंदी, भाभींशी हिंदी, मुलीशी फोनवर मी मराठी आणि ती हिंदी. संध्याकाळी हे आले की ह्यांचं ते ऑफिसचं इंग्रजी. मी सांगलीची बाई हो! अख्ख्या ब्लॉकमध्ये माझं मराठी कान देऊन ऐकतो असा एकच, आणि तो शेपटीवाला! भाजी निवडताना मी त्याला सगळं सांगते. आईचं, मावशीचं, कोणाच्या लग्नात कोणी मानपान केला नाही ते. सगळं ऐकतो. मान वाकडी करून ऐकतो! तो गेला तर मी वेडी होईन, हे मी कोणाला बोलले नव्हते.

म्हणून म्हटलं, साडेतीनच्या आत सगळं कसं चकाचक झालं पाहिजे. जखम केवढी, तिळाएवढी! जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर विक्रम म्हणाले, "अरे भाभीजी, घबराइए मत, घर पर ही हो जाएगा. गुनगुने पानी से धोइए, बीटाडीन लगाइए, हल्की पट्टी बाँधिए... बस, चाटने मत दीजिएगा." बस म्हणे! दिवाणाखालून काढायचा कसा ते सांगायच्या आत फोन ठेवला!

मी लागले पाणी कोमट करायला. तर ह्यांनी काय काढलं? वही! निळ्या पुठ्ठ्याची!

आता आमचे हे तुम्हाला माहीत नाहीत. मधुसूदनराव. मानक नगरात रेल्वेच्या संशोधनात अठ्ठावीस वर्षं. त्या डब्याखाली चाकांची चौकट असते ना, तिला बोगी म्हणतात, डब्याला नाही, हे मला लग्नानंतर आठव्या दिवशी कळलं. आठव्या! लोक आठव्या दिवशी बायकोला फिरायला नेतात, ह्यांनी मला यार्डात नेलं! तर ह्यांचा नियम असा की कशालाही हात लावायचा म्हणजे आधी निरीक्षण, मग नोंद, मग काम. कुकरची शिट्टी अडकली तरी आधी नोंद! म्हणाले, "नयना, घाई नको. आधी कोणता पाय ते निश्चित करू."

म्हटलं, "अहो, बाहेर काढा, मग दिसेलच की!"

"असं अंदाजानं काम करत नाहीत."

आणि हा छप्पन्न वर्षांचा माणूस, गुडघ्याला पट्टा बांधलेला, हातात टॉर्च घेऊन फरशीवर पालथा! इकडे श्रीवास्तव भाभी आल्या त्या वाटीत गरम सरसोंचं तेल घेऊन, त्यात हळद. "नैना जी, ई बीटाडीन-फीटाडीन छोड़िए, हमारे यहाँ तो यही लगता है, शाम तक घाव ग़ायब!" आणि दिवाणापाशी उकिडव्या बसून गोड आवाजात, "डिंकू बेटा... आ जाओ बेटा... बाहर आओ... देखो आंटी बुला रही हैं..." डिंक्या ढिम्म! कान सुद्धा हलवला नाही. भाभींना जरा लागलंच ते. "बड़ा घमंडी है आपका कुत्ता," म्हणाल्या.

मी तूप लावलेली पोळी दाखवली, नाही. शेवटी मी म्हटलं, दिवाणच उचला. ह्यांनी एक टोक उचललं, मी ट्रंक ओढली, ह्यांनी टोक खाली ठेवलं... कशावर? माझ्या अंगठ्यावर! मी पुन्हा किंचाळले! ह्यांनी वहीत बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि त्याची नोंद मात्र केली नाही हं!

पण त्या किंचाळण्यानं डिंक्या हलला. वळायला जागा कुठली तिथं, तेव्हा उलटा निघाला. आधी शेपूट, मग ढुंगण, मग बाकीचा... सरकत सरकत, मागे मागे. आणि हे टॉर्च मारून ओरडले, "दिसलं! रक्त दिसलं! थेंब पडला!" आणि तिथल्या तिथं, पालथ्या अंगानं, वहीत लिहिलं. मग आम्ही तिघांनी चादर टाकून त्याला धरला. भाभींनी डोकं, मी धड, ह्यांनी वही.

तिळाएवढी जखम, आणि तीन माणसं घामाघूम! डिंक्यानं एक लाथ मारली ती नेमकी भाभींच्या वाटीला. झालं! तेल-हळद वर उडाली ती ह्याच्या चारही पायांवर, भाभींच्या कुर्त्यावर, माझ्या गाऊनवर, देवाच्या फोटोवर! सगळं पिवळंधमक, कोणाचं लग्न आहे कळेना! मी म्हटलं, "अहो, आता पाय कोणता? सगळे सारखेच दिसतायत!"

तर ह्यांच्या चेहऱ्यावर काय समाधान सांगू! अठ्ठावीस वर्षं ह्याच क्षणाची वाट बघितल्यासारखे वही उघडून म्हणाले, "म्हणूनच नोंद करायची असते. मागचा उजवा."

मी म्हटलं, "मला तर पुढचा वाटला हो..."

"नयना. लिहिलेलं आहे."

आता लिहिलेलं आहे म्हटल्यावर बाई काय बोलणार? मागचा उजवा चादरीतून बाहेर काढला. कोमट पाण्यानं धुतला. जखम दिसेना. म्हटलं, "कुठाय?" म्हणाले, "हळदीखाली." हळद घासली. तरी दिसेना. "लहान आहे, केसांत असेल." बीटाडीन ओतलं, मग तर काहीच दिसेना! मग गॉज, मग पट्टी, आणि पट्टी पण कशी, तर प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याच्या बरोबर निम्म्यावर आला पाहिजे, नाही आला की उलगडा, पुन्हा बांधा! तीन वेळा उलगडली! चौथ्या वेळी भाभी म्हणाल्या, "भाई साहब, हमारी दाल चढ़ी है," आणि गेल्या. वर ह्यांचा काळा मोजा चढवला, आणि चाटू नये म्हणून चिकटपट्टी. मग दीड तास फरशी, भिंत, देवाचा फोटो आणि डिंक्या... सगळं पुसून काढलं.

साडेतीनला विमान उतरलं, अमौसीच्या विमानतळावरून मानक नगर म्हणजे किती लांब, चार वाजता बेल! दार उघडायच्या आत डिंक्या धावत, मोजा फरशीवर घसरतोय, हा तीन पायांवर नाचतोय, सुरुचीच्या अंगावर उड्या मारतोय, आणि ती बॅग टाकून, "अरे! इसको क्या हुआ?"

हे पुढे झाले. वही हातातच होती. "किरकोळ जखम. घरच्या घरी उपचार पूर्ण."

सुरुचीनं खाली बघितलं. माझ्या पुसलेल्या फरशीवर... ओळीनं... लाल पावलं! ताजी! मोज्याला बघावं तर मोजा कोरडा!

"पापा, ख़ून तो कहीं और से आ रहा है."

मोजा काढला, चौथ्या वेळची ती सुंदर पट्टी काढली. आतला पाय कसा? माझ्या-तुमच्या पायापेक्षा धड! मी ह्यांच्याकडे बघितलं. हे वहीकडे. मग वही उलटी धरून बघितली. आणि मग म्हणाले... अगदी शांतपणे हं... "नोंद बरोबरच आहे. गाडी ज्या दिशेला चालते, त्या दिशेनं पुढचं-मागचं आणि डावं-उजवं धरायचं असतं. आणि हा तेव्हा उलटा येत होता."

मला सांगा, काय करावं अशा माणसाचं? काय करावं? कुत्रा उलटा आला म्हणून त्याचं तोंड मागं आणि शेपूट पुढं? पुढचा डावा म्हणे मागचा उजवा झाला! अहो, इंजिन आहे का तो?

पण मी ओरडले नाही. रडूच आलं मला. खुर्चीत बसले आणि म्हटलं, ने बाई. तू म्हणत होतीस ते खरं. तिळाएवढी जखम नाही सापडली आम्हाला. ने तुझ्याकडं.

सुरुची खाली मांडी घालून बसली, तळहात पुढं केला, म्हणाली, "डिंक्या, हाथ दो."

डिंक्या बघतोय.

"डिंक्या, हाथ! शेक हैंड! पॉ!"

डिंक्या माझ्याकडे बघतोय. ही काय म्हणतेय, तू सांग, असं! सुरुची माझ्याकडे बघतेय, "मम्मी, इसको समझ नहीं आ रहा क्या?" आणि मग तिचं तिलाच कळलं असणार, कारण ती जरा थांबली, घसा खाकरला, आणि इतक्या हळू आवाजात... मला वाटलं मला भासच होतोय... म्हणाली,

"डिंक्या... हात दे रे, सोन्या."

फट्‌दिशी! पुढचा डावा, तिच्या हातात! डावखुराच आहे तो, रोज भाकरीच्या तुकड्याला तोच पाय देतो मला! हे मला सकाळीच सुचायला नको होतं? पण आरडाओरडा करणाऱ्या बाईला सुचतं का हो काही! आणि बोटांच्या मधे ती होती. तिळाएवढी. सुरुचीनं धुतली, औषध लावलं, पट्टी बांधली, दोन मिनिटांत, आणि पूर्ण वेळ तोंडानं, "झालं हं... झालं माझ्या राजा... एवढंसंच... शहाणा कोण? डिंक्या शहाणा..." अहो, हे सगळं माझं! ती लहानपणी पडायची तेव्हाचं, शब्दन्‌शब्द माझा! कुठं ठेवला होता इतकी वर्षं कोण जाणे.

चहा पिताना म्हणाली, "नहीं ले जा रही मम्मी. वहाँ दिन भर इससे मराठी में बात कौन करेगा?"

मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी वही मिटली आणि चष्मा पुसायला घेतला, पुसतायत, पुसतायत, काच झिजेल!

आता जखम बरी झाली. राहिली कुठली, होती केवढीशी! पण सुरुचीचा फोन मात्र रोज येतो बरं का, आठ वाजता. मी मोठ्या हौसेनं उचलते, म्हणते, "बोल गं बाळा." ती म्हणते, "मम्मी, फ़ोन ज़रा उसके कान पे लगाइए न." आणि मग दहा मिनिटं... काय केलंस रे दिवसभर, जेवलास का, आईला त्रास दिलास का... अस्सल मराठी, कुत्र्याशी! आणि माझ्याशी शेवटी काय, तर "अच्छा मम्मी, बाय!"

आणि मी? मी उभी असते फोन धरून, हा बघा ह्या दुखऱ्या अंगठ्यानं... स्पीकर लावून.