विहिणीचं कार्ड

न्हाय रॉनी, आधी गाडी बंद कर नि आत ये — मी काय तयारबियार झालेली न्हाय, दिसतंय ना तुला, गाऊनवरच हाय. व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला मला न्यायचं, माझ्या कार्लने तुला तसं सांगितलंय, सगळं खरं. तू त्याचा शाळेपासूनचा दोस्त, तुझ्यावर राग न्हाय माझा. पण मी लंडनला परत जात न्हाय. सुनेला, स्टेफनीला, दुसरं बाळ होणार, ठाऊक हाय मला. काय? थंडी? हां, थंडी सोसली न्हाय म्हणून परत आले, असं मीच सांगितलं सगळ्या तारोडी गावाला. फादरला पण तेच. बस जरा.

गेले तेव्हा किती खूश होते मी! नातीला, अ‍ॅलिशाला, शाळेतून आणायचं काम माझं. त्यासाठी कार्लने हातात कार्ड दिलं — बसमधे चढायचं, पिवळ्या गोलावर टेकवायचं, वाजलं की आत. पहिल्या दिवशी मी ते ड्रायव्हरच्या काचेवरच टेकवतेय, तो बिचारा हसून बोटाने दाखवतोय, इथं, इथं! मग शिकले. उत्तनहून मासळीची टोपली घेऊन भाईंदरला जाणारी बाई मी, मला बसचं काय? वरच्या मजल्यावर पुढच्या सीटवर बसायचो आम्ही दोघी, राणीसारख्या. पण कार्डावर फोटो होता — माझा न्हाय, स्टेफनीच्या आईचा. तिथल्या म्हाताऱ्यांना बस फुकट, ते कार्ड. ती गुडघ्यांमुळे घरातच असायची. मी म्हटलं, "कार्ल, ही तर माझी विहीण!" तर म्हणतो, "मम्मी, कोण बघतंय? कव्हरमधे फोटो आतल्या बाजूला ठेव." ठेवला. विहिणीला विचारूनच दिलं असेल, असंच वाटणार ना आईला?

आणि एक दिवस तपासनीस बाई चढली. फोटो बघितला, मला बघितलं. ओरडली न्हाय हां, मॅडम म्हणाली मला. मी पण घाबरले न्हाय — म्हटलं, माझ्या मुलाला फोन लावते, तो सांगेल सगळं. लावला, स्पीकरवर. आणि कार्ल तिला इंग्रजीत सांगतोय — मला काहीच माहिती न्हाय, मम्मीनेच घेतलं असेल सासूच्या पर्समधून, तिला इथलं कळत न्हाय. मला इंग्रजी कळत न्हाय असं वाटलं त्याला? अरे, त्याचा अभ्यास कुणी घेतला? ती बाई विचारते, "तुम्ही घेतलं?" अ‍ॅलिशाने माझा हात धरलेला. मी म्हटलं, येस. दुसरं काय म्हणणार? पोराला अडकवू?

कार्ड गेलं, आमचा नाव-पत्ता लिहून घेतला, आम्ही चालत घरी. रात्री माझे हात धरून रडला तो — "मम्मी, माझे इथे कायमचं राहायचे कागद व्हायचेत, नाव खराब झालं तर सगळं जाईल. तू काय, परत जाणारच." केलं माफ. भीतीने माणूस बोलतो. ते मी कधीच कुणाला सांगितलं नसतं, रॉनी, तुला पण न्हाय.

पण मग जेवायला बसलो, आणि अ‍ॅलिशा आईला सांगते, ग्रॅनीने दुसऱ्या ग्रॅनीचं कार्ड चोरलं. स्टेफनी माझ्याकडे बघतच राहिली. तिला काहीच ठाऊक नव्हतं! तिची आई तिकडे आपल्या घरभर ते कार्ड शोधत होती म्हणे. म्हणजे घेतलं कुणी? मी कार्लकडे बघितलं. आता बोलेल, आता बोलेल... तर म्हणतो, "जाऊ दे स्टेफ, म्हातारं माणूस हाय." आणि भात वाढून घेतला त्याने. तिथं कोण होतं रे? तपासनीस होती? पोलीस होता? घरचीच माणसं ना सगळी? दुसऱ्या दिवसापासून स्टेफनीची पर्स किचनच्या टेबलावरून आत बेडरूममधे गेली. कार्लने मला नवीन कार्ड आणून दिलं, माझं स्वतःचं, पैसे भरलेलं, बिनफोटोचं. मी हात न्हाय लावला. पावसात पण चालत जायचे पोरीला आणायला, आणि ती विचारायची, ग्रॅनी, तू सॉरी म्हटलंस का?

— वाजतोय बघ तुझा फोन. त्याचाच ना? न्हाय, माझ्याकडे देऊ नको. तूच सांग, मम्मी येत न्हाय. का म्हणून विचारणार न्हाय तो, बघ तू... बघितलंस? न्हाय विचारलं, ठेवला फोन. ऊठ आता. वाळत घातलेले बोंबील उलटायचेत मला, ऊन चाललंय.